रिकाम्या पाण्याचे पर्यवेक्षक

जिकडे गलका होईल तिकडे न पाहणे, ही देवरे सरांची सवय होती. सवयीपेक्षा तिला शिस्त म्हणणे अधिक योग्य ठरेल. कारण सवय आपोआप लागते, आणि ही त्यांनी स्वतःला लावून घेतली होती. आमच्या शाळेत ते शारीरिक शिक्षण शिकवीत आणि मी जीवशास्त्र. परंतु दहावीच्या परीक्षा सुरू झाल्या की आम्ही सगळेच एका विषयाचे शिक्षक होत असू. तो विषय म्हणजे पर्यवेक्षण, आणि त्यात सरांचा हात धरणारा अवघ्या नाशकात दुसरा कोणी नसावा.

एका गणिताच्या पेपराला मी शेजारच्या वर्गाच्या दारात उभी होते. सरांच्या वर्गात खिडकीकडच्या एका मुलाची कंपासपेटी धाडकन खाली पडली. साऱ्या वर्गाच्या माना तिकडे वळल्या, माझीही वळली. सर मात्र शांतपणे नेमक्या उलट्या कोपऱ्याकडे वळले. तिथे एक चिरंजीव मोज्यातून कागद वर ओढत होते. पेपर सुटल्यावर मी विचारले, "सर, तुम्हाला कसं कळलं?"

"बाई," सर म्हणाले, "पेटी पाडणारा मुलगा स्वतःसाठी कधी पाडत नाही. दुसऱ्यासाठी पाडतो."

क्रीडादिनीही तेच. शर्यतीच्या शेवटच्या रेषेवर ते पहिल्या क्रमांकाकडे ढुंकून पाहत नसत. "पहिला कोण आला हे सगळं मैदान ओरडून सांगतं. तिसरा कोण, हे सांगायला माणूस नेमावा लागतो." आमच्या चित्रकलेच्या पिंगळे बाईंच्या मुलाच्या लग्नात मंगलाष्टके सुरू असताना सर अक्षता वधूवरांवर टाकत होते, पण तोंड स्वयंपाकाच्या मांडवाकडे होते. त्यामुळे कढईतले तेल पेटल्याचे सर्वांत आधी त्यांना दिसले. आचाऱ्याला हाक मारून, कढईवर परात पालथी घालून ते पुन्हा रांगेत येऊन उभे राहिले, तेव्हा "शुभमंगल" संपलेही नव्हते. पिंगळे बाईंना ही हकिकत वरात निघाल्यावर कळली.

सर मूळचे सटाण्याकडचे. उंच, सडपातळ, पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांना खडू लावून ते स्वच्छ ठेवणारे. शाळेत त्यांचे बोलणे आखीव असे. वाक्य संपले की पूर्णविराम ऐकू यावा. निवृत्तीनंतर गळ्यातली शिट्टी गेली, पण काही मनाविरुद्ध घडले की हात छातीपाशी जाऊन शिट्टी शोधून परत येई.

निवृत्त झाल्यावर आम्ही काही शिक्षक इंदिरानगरच्या बागेत सकाळी जमत असू. गणिताचे शेख सर, पिंगळे बाई, देवरे सर आणि मी, असा नेहमीचा कंपू. तिथेच एक दिवस माझी जुनी विद्यार्थिनी मृण्मयी आम्हांला भेटायला आली. ती आता सागरी जीवशास्त्रज्ञ आहे आणि कोकण किनाऱ्यावर डॉल्फिनांचा अभ्यास करते. तिला माणसे हवी होती. पगार देता येणार नव्हता.

तिने जे समजावले ते येथे थोडक्यात सांगते, कारण त्यावाचून पुढचे कळणार नाही. डॉल्फिन हा मासा नव्हे. तो आपल्यासारखा हवेत श्वास घेणारा, पिलाला दूध पाजणारा प्राणी आहे. श्वासापुरता तो वर येतो आणि उरलेला वेळ पाण्याखाली असतो. म्हणून गोठ्यातल्या गुरांसारखी त्याची मोजदाद करता येत नाही. करता येते ते एवढेच: किनाऱ्यावरच्या एका उंच कड्यावर ठरावीक जागी बसायचे, समोरचा समुद्र पंख्याच्या पात्यांप्रमाणे भागांत वाटून घ्यायचा, प्रत्येकाने आपल्याच भागावर नजर ठेवायची आणि जे दिसेल ते लिहायचे. पुन्हा पुन्हा, त्याच जागी, त्याच रीतीने. अशा नोंदी वर्षानुवर्षे साठल्या की डॉल्फिन वाढत आहेत, घटत आहेत की जागा सोडून जात आहेत, याचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी पुष्कळ डोळे लागतात, आणि म्हणून स्वयंसेवक.

"आणि दिसलाच नाही तर?" शेख सरांनी विचारले.

"तर 'दिसला नाही' असं लिहायचं, सर. तेही तितकंच महत्त्वाचं आहे."

आतापर्यंत बाकावर मागे रेलून बसलेले देवरे सर ताठ झाले. "म्हणजे हे समुद्राचं पर्यवेक्षण आहे म्हणा की!"

"अगदी तसंच, सर."

"मग त्याला नाशिकचे मास्तरच पाहिजेत. लिही आमची नावं."

"अरे, आमची नावं तू कशी देतोस?" शेख सर म्हणाले.

"तुला घरी काय काम आहे, शेख? भाभी सुटतील दोन दिवस."

सरावाशिवाय मैदानात उतरणे सरांना मान्य नव्हते. नाशकात समुद्र नाही. परंतु गंगापूर धरणाचे पाणी आहे आणि त्यावर बुड्या मारणारे पाणकावळे आहेत. सरांनी ठरवले की पाणकावळा हाच आपला डॉल्फिन. एका सकाळी आम्ही धरणाच्या काठावर रांगेने बसलो. प्रत्येकाला पाण्याचा एकेक तुकडा, गळ्यात दुर्बीण, बोलायचे नाही, हलायचे नाही. पाणकावळा बुडी मारी, कुठल्या कुठे वर निघे, आणि पिंगळे बाई व मी "हा माझा", "छे, हा मघाचाच" म्हणून डोळ्यांनीच भांडत असू.

थोड्या वेळाने भाजीच्या जाळ्या लादलेला एक टेम्पो थांबला. चालक उतरून आमच्या मागे उभा राहिला. "काय पाहू ऱ्हायले, बाबा?"

कोणी बोलेना. तो घाबरला. "कोनी बुडालं का काय?"

नियम मोडायचा नाही म्हणून आम्ही गप्प. आमचे मौन त्याने शोक समजले. मग आणखी एक मोटारसायकल थांबली, मग दुधाच्या किटल्या घेऊन निघालेले दोघे. बघता बघता काठावर गर्दी झाली. "पोरगं व्हतं म्हनत्यात." "नाय, म्हातारं व्हतं, हे त्याचेच भाऊबंद." शेवटी एक पोलीस आला आणि त्याने थेट शेख सरांच्या खांद्यावर हात ठेवून हळुवारपणे विचारले, "काका, तुमचे कोण होते?"

शेख सरांचा संयम सुटला. "कोणी नव्हतं हो! आम्ही डॉल्फिन मोजायची प्रॅक्टिस करतोय!"

"धरनात डॉल्फिन?" गर्दीतून कोणीतरी ओरडले, आणि त्याक्षणी सगळे पाण्याकडे धावले. पुढच्या रविवारी काही कुटुंबे डबे घेऊन धरणावर डॉल्फिन पाहायला आली होती, असे आमच्या कानावर आले. या साऱ्या गोंधळात देवरे सरांनी एकदाही मान वळवली नव्हती. पोलीस गेल्यावर ते म्हणाले, "माझ्या भागात दोनदा वर आला. तुमचं काय?" आमचे काहीच नव्हते.

आमची कोकणातली पहिली खेप मात्र फसली, आणि ती कशी फसली हे सांगण्याजोगे आहे. आम्हां नाशिककरांना दर्शनाची सवय. देवळात पडदा सरकला की माणूस आपली जागा सोडून पुढे होतो; आणि दर्शन झाले नाही असे म्हणणे आपल्याकडे अपशकुनी मानतात. कड्यावर नेमके तेच झाले. खाडीच्या तोंडाशी असलेल्या भागात पाठीवर उंचवटा असलेले काही करडे डॉल्फिन वर आले, शेख सर ओरडले, आणि आम्ही सगळे आपापले भाग सोडून त्यांच्या पाठीशी जाऊन उभे राहिलो. पिंगळे बाईंनी भक्तिभावाने हात जोडले आणि डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा समुद्र सपाट होता.

"दिसले ना, बाई?" मी विचारले.

"हो, छान दर्शन झालं," त्या म्हणाल्या, आणि तसे लिहूनही मोकळ्या झाल्या.

दुपारी मृण्मयी आमचे कागद घेऊन बसली. तेच डॉल्फिन आम्ही प्रत्येकाने आपापल्या भागात नोंदवले होते. एका कळपाचे अनेक कळप झाले होते. माझी विद्यार्थिनी मला काय बोलणार? ती फक्त म्हणाली, "बाई, तुम्हीच शिकवलं होतंत ना, निरीक्षण आणि आठवण यांत फरक असतो?" मी मान्य केले. मग तिने देवरे सरांचा कागद वर धरला. त्यावर पूर्ण वेळ शून्य होते. गलका झाला तेव्हाही सर आपल्या जागेवरून हलले नव्हते.

"सरांच्या भागात आज डॉल्फिन आले नाहीत, हे मला खात्रीनं सांगता येतं," ती म्हणाली, "कारण तिथं खात्रीनं बघणारं माणूस होतं. बाकीच्या भागांत 'आले नाहीत' की 'बघितलं नाही', हे मी कशावरून ठरवू?"

त्यानंतर आम्ही सुधारलो. वर्षातून दोनदा, पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्याच्या तोंडावर, आमची जीप कोकणात उतरू लागली. सकाळी भाग ठरवण्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या जात. येथे देवरे सरांच्या नशिबाची एक गंमत सुरू झाली. बहुधा त्यांना दक्षिणेकडचा, उघड्या समुद्राचा भाग निघे. तिथे डॉल्फिन सहसा येत नसत. एखाद्या वेळी खाडीच्या तोंडाचा भाग निघालाच, तर त्या दिवशी डॉल्फिन कोणत्याच भागात येत नसत. बाकी आम्ही सगळ्यांनी डॉल्फिन पाहिले. आमच्या जीपच्या चालकाने पाहिले. ज्यांनी आम्हांला या कामात ओढले, त्या सरांना तेवढा एकही दिसला नव्हता. शेख सरांनी दक्षिणेच्या भागाचे नावच "देवरेवाडी" ठेवले.

मृण्मयीने एकदा चाचपून पाहिले. "सर, आज चिठ्ठ्या नकोत. तुम्ही खाडीकडं बसा."

"पर्यवेक्षकाने वर्ग निवडायचा नसतो," सर म्हणाले. विषय संपला.

नाशकात परतल्यावर खरी परीक्षा असे. बागेतली मंडळी विचारीत, "काय सर, मासा घावला का?" भाजीबाजारातल्या ओळखीच्या मावशी मेथीची जुडी देताना म्हणत, "लय लांब जाता, सर, आन् रिकाम्या हातानं येता." सर त्यांनाही डॉल्फिन मासा नसल्याचे समजावून सांगत आणि मेथी घेत. पुण्याला राहणारी त्यांची नात ईरा फोनवर प्रत्येक वेळी विचारी, "आजोबा, दिसला का?"

"माझ्या भागात नव्हता."

"मग दुसऱ्याच्या भागात बघायचं ना!"

यावर सरांकडे उत्तर होते, परंतु ते सहा वर्षांच्या मुलीला पटण्यासारखे नव्हते. आमच्यातल्या किती जणांना ते मनापासून पटले होते, हेही मी सांगू शकत नाही.

सरांना डॉल्फिन पाहण्याची हौसच नसावी, असे मला बरेच दिवस वाटत होते. तो गैरसमज सिन्नरच्या एका चहाच्या टपरीवर दूर झाला. कोकणात जाताना आम्ही तिथे थांबलो होतो. त्या दिवशी सरांचे गुडघे दुखत होते. जीपमधून उतरताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. डॉक्टरांनी इतका लांबचा प्रवास बंद करायला सांगितले होते. ही शेवटचीच खेप, असे कबूल करून त्यांनी मुलाची परवानगी मिळवली होती.

चहाचा कप दोन्ही हातांत धरून ते म्हणाले, "खोटं कशाला बोलू, बाई? एकदा बघायचाय हो."

मी माझा कप फळीवर ठेवला.

"आमच्या गावाला नदी म्हणजे निम्मं वर्ष नुसती वाळू. पाण्यात मोठं म्हणजे काय, तर म्हैस. एवढं मोठं जनावर खालून वर येतं, श्वास घेतं, आपल्याकडे न बघता परत खाली जातं... एकदा बघायचाय. ईरालाही सांगता येईल."

"मग मान वळवा ना, सर. क्षणभराचं तर काम."

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी प्रश्नपत्रिका आदल्या दिवशी दाखवायला सांगितली होती. "ड्यूटीवर?"

ती खरोखरच त्यांची शेवटची खेप ठरली. पुढच्या पावसाळ्यात, फारसे आजारी न पडता, सर गेले. म्हणून त्या सकाळचे जे आठवते ते आठवते तसे लिहिते.

थंडी सरत आली होती. वारा नव्हता, पाणी काचेसारखे. चिठ्ठीत सरांना अर्थातच देवरेवाडी निघाली. शेख सरांना खाडीचे तोंड, पिंगळे बाईंना मधला भाग. माझी विश्रांतीची पाळी होती. डोळे थकतात म्हणून आम्ही आळीपाळीने एकाला मोकळे ठेवत असू. मी मागे जांभ्या दगडावर बसून संत्रे सोलत होते.

"आले!" शेख सर ओरडले. "माझ्या भागात! अरे, पिल्लू आहे, पिल्लू!"

मी उठून उभी राहिले. एक मोठी करडी पाठ पाण्यावर कमानीसारखी आली आणि तिच्या कुशीला चिकटून एक लहान पाठ. पिंगळे बाईंनी हात जोडले, पण डोळे या वेळी सताड उघडे ठेवले, आणि नजर झटकन स्वतःच्या भागाकडे परत नेली. आम्ही शिकलो होतो.

"देवरे, मान वळव रे!" शेख सर दुर्बीण न काढता ओरडत होते. "कड्याच्या खालीच आलेत! तुला माझ्या गळ्याची शपथ!"

"शेख, तू तुझा वर्ग बघ."

सरांची दुर्बीण दक्षिणेच्या रिकाम्या पाण्यावर रोखलेली होती. मान ताठ होती. उजवा हात मात्र छातीपाशी गेला, शिट्टी शोधून रिकामाच खाली आला.

संत्रे दगडावर ठेवून मी त्यांच्याजवळ गेले. परीक्षेच्या कामात आमच्याकडे एक पद असते, ते बाहेरच्यांना माहीत नसेल. वर्गावरच्या पर्यवेक्षकाला पाणी प्यायला वगैरे जाता यावे म्हणून एक मोकळा शिक्षक दर वर्गावर थोडा थोडा वेळ उभा राहतो. त्याला आम्ही रिलीव्हर म्हणतो. मी सरांच्या शेजारी उभी राहिले आणि शाळेतल्या आवाजात म्हणाले, "सर, रिलीव्हर."

"मला कुठं जायचं नाहीये, बाई."

"रिलीव्हर आल्यावर पर्यवेक्षकानं वर्ग सोडायचा असतो. नव्या शिक्षकांना हे तुम्हीच सांगत होतात. नाहीतर रिलीव्हरचा अपमान होतो."

सर विचारात पडले. नियमाविरुद्ध नियम आला होता. मागे शेख सर "वर आले, पुन्हा वर आले" असे ओरडत होते.

"भाग समजून घ्या," अखेर सर म्हणाले. "डावीकडं तो काळा खडक. उजवीकडं नांगरलेली निळी होडी. मधलं सगळं तुमचं. मागं वळायचं नाही."

"नाही वळणार."

"काही झालं तरी."

"काही झालं तरी, सर."

मी दुर्बीण डोळ्यांना लावली. त्यांच्या बुटांखालच्या खड्यांची करकर माझ्यापासून दूर गेली. त्यानंतरचे मी काहीही पाहिलेले नाही. जे सांगते ते ऐकलेले आहे.

"तिकडं नाही रे, माझ्या बोटाच्या रेषेत!" हा शेख सरांचा आवाज.

"खाली गेले वाटतं," हा पिंगळे बाईंचा.

मग शांतता. मी दुर्बीण डोळ्यांवर आणखी घट्ट दाबली. माझ्यासमोर काळा खडक, निळी होडी आणि मधले सपाट पाणी. पुन्हा वर आलेच नाहीत तर? मी जरा आधी का उठले नाही? मागे वळून सरांचा चेहरा पाहावा असे फार वाटले. आणि ज्या माणसाचे पाणी मी सांभाळत होते, त्याला दर खेपेला किती ताकद लागत असेल, हे मला तेव्हा कळले.

कड्याच्या पायथ्याशी कुकरची वाफ जावी तसा, पण मऊ, फुस्स असा आवाज झाला. लगेच त्याहून बारीक, दुसरा.

"शे!" कोणीतरी म्हणाले.

तो आवाज मी ओळखला नाही. सटाण्याकडे, बागलाणात, 'आहे'ला 'शे' आणि 'बघ'ला 'दख' म्हणतात; परंतु इतक्या वर्षांच्या सहवासात सरांची बोली मी कधी ऐकली नव्हती. "शे ना भो!" आवाज आणखी चढला. "दोन्ही शेत! शेख, ते बारकं दख, बारकं!"

"दिसला! देवऱ्याला दिसला!" शेख सर ओरडले, आणि बहुधा त्यांनी सरांना मिठी मारली असावी, कारण दोन दुर्बिणी एकमेकींवर आपटल्याचा आवाज आला. त्या क्षणी खाडीचे तोंड कोणीही पाहत नव्हते, याबद्दल मृण्मयीने पुढे कधी तक्रार केली नाही.

थोड्या वेळाने बुटांचा आवाज जवळ आला.

"बाई, भाग द्या."

"घ्या, सर. भागात काही नाही."

"ठीक."

त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि मी वळले. खाडीच्या तोंडाशी आता काही नव्हते. डॉल्फिन निघून गेले होते. म्हणून मी सरांकडेच पाहिले. ते माझ्याकडे पाठ करून बसले होते, कणा ताठ, नजर रिकाम्या पाण्यावर. चेहरा दिसत नव्हता. फक्त त्यांचे दोन्ही कान वर सरकले होते, आणि त्यांच्याबरोबर डोक्यावरची गवती टोपीही. माणूस तोंड भरून हसतो तेव्हा सरकतात तसे. ते खाली यायला फार वेळ लागला.